कोठी : एकेकाळचं उपनगर

कोठीला उपनगर म्हटलं की आमच्या मंडळातले जुने लोक हसतात. बसचा अड्डा, जुन्या पुस्तकांच्या गाड्या, सुलतान बाजारातली साड्यांची दुकानं, बडी चावडीची भाजी. हे तर शहराचं पोट! पण नकाशा उलगडून बघा. हैदराबादचं तटबंदीचं जुनं शहर मुसी नदीच्या दक्षिणेला, आणि कोठी उत्तर काठावर, तटाबाहेर. म्हणजे जन्मानं ती उपनगरच.

कोठी हे नाव आलं ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हवेलीवरून. १७९८ मध्ये निजामानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. त्या वेळचा रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक यानं पुढच्या काही वर्षांत ही इमारत उभी करवली. आराखडा मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युएल रसेलचा. मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे दर्शनी भागातले सहा उंच खांब बघितले की आधी त्यांच्या पायाचा विचार करतो. नदीकाठची जमीन, त्यात एवढं वजन!

पण वस्ती वाढली ती खांबांमुळे नव्हे, कायद्यामुळे. रेसिडेन्सीभोवतालच्या बाजारांवर निजामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल चाले. सावकार, पेढीवाले, व्यापारी यांना ते सोयीचं वाटलं. विल्यम पामरची प्रसिद्ध पेढी १८१४ मध्ये निघाली तीही याच आसऱ्यानं. पुढे १८३१ च्या सुमारास चादरघाटचा पूल झाला. त्याआधी नदीवर १५७८ चा पुराना पूल होता, पण तो बराच वरच्या अंगाला. नव्या पुलामुळे इकडे राहायचं आणि कामाला नदीपलीकडे जायचं, हे जमू लागलं. उपनगर म्हणजे दुसरं काय असतं?

या अंमलाचा आणखी एक फायदा झाला. निजामी हद्दीत सभा-संस्थांवर बंधनं; इथे त्या मानानं मोकळीक. म्हणून आर्य समाज, तेलुगूंचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम (१९०१), आपली विवेक वर्धिनी (१९०७), मराठी ग्रंथसंग्रहालय (१९२२) ही सगळी मंडळी हाकेच्या अंतरावर एकवटली. १९३१ चं मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं, अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामाला परत मिळाले आणि सुलतान बाजार हे नाव रुळलं. तोवर मराठी माणसाचं बिऱ्हाड, शाळा आणि वाचनालय एकाच फेरीत येत होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, निजामाच्या रेल्वेनं सरकारी बससेवा सुरू केली होती. सुरुवात फक्त २७ गाड्यांची. पण बस आली की घर आणि काम एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. पुढच्या पन्नास वर्षांत तेच झालं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बरीच नोकरदार कुटुंबं तिकडे गेली. जी राहिली त्यांच्या पुढच्या पिढीनं मलकपेट, दिलसुखनगर अशा बाजूला प्लॉट घेतले. कोठीतल्या खोल्यांचं गोदाम झालं, ओसरीचं दुकान.

आमचंही तसंच. मी शाळेत असताना वडिलांनी दिलसुखनगरच्या पुढे घर बांधलं. अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण दिवसाचं गणितच बदललं. कोठीत वडील दुपारी घरी जेवायला येत, आता डबा. सकाळी बसच्या फुटबोर्डवर एक पाय, संध्याकाळी परत तेच. नव्या वस्तीत दिवसा बायका, म्हातारी माणसं आणि पाण्याच्या टँकरची वाट बघणारे हंडे. पुरुष माणूस दिसला तर तो आजारी असणार किंवा सुट्टीवर.

सगळ्यात जास्त बदललं आजीचं. कोठीत ती एक दिवसाआड स्वतः चालत वाचनालयात जायची, कपाटासमोर उभी राहून पुस्तक निवडायची, वाटेत चौघींशी बोलून यायची. आता तिची पुस्तकं माझ्या दप्तरातून येऊ लागली. मी हाताला लागेल ते उचलायचो. एकदा तीच कादंबरी तिसऱ्यांदा आणली. ती म्हणाली, "असू दे रे बाळा, पुन्हा वाचते." रागावली नाही, त्याचंच आज जास्त लागतं.

१९४९ पासून रेसिडेन्सीत मुलींचं कॉलेज आहे, आज तिथेच महिला विद्यापीठ. २०१८ मध्ये मेट्रो आली. दिलसुखनगरहून निघालं की उस्मानिया मेडिकल कॉलेज हे पाचवं स्टेशन. उतरलं की कोठी! ज्या प्रवासाला तास लागायचा तो आता मिनिटांत होतो. मात्र शाळा, दुकान, वाचनालय आणि शेजार पायी गाठता येणारी ती फेरी मेट्रोनं परत येत नाही. अभियंता असल्यामुळे मी अंतर किलोमीटरमध्ये मोजायला शिकलो. आजीचं माप वेगळं होतं : दुसऱ्याला न विचारता जिथे जाता येतं, ते जवळ.

आपल्यापैकी ज्यांची घरं कोठी, गौलीगुडा, जांबाग भागात होती, त्यांनी एवढं लिहून पाठवावं : घर कोणत्या गल्लीत होतं, कोणत्या साली सोडलं, आणि घरातलं कोण त्यानंतर एकट्यानं बाहेर पडायचं थांबलं. इमारतींची नोंद बरीच झाली आहे. ही नोंद अजून व्हायची आहे.