बेडूक आजारी वाटला, तर आधी पाणी बघा

दुकानात पोपटी-हिरवा दिसलेला बेडूक घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मातकट तपकिरी होतो. कोपऱ्यात अंग चोरून बसतो, पुढ्यात सोडलेल्या रातकिड्याकडे ढुंकूनही बघत नाही. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये मुलांच्या हट्टापायी ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ पाळणाऱ्या कुटुंबांची पहिली घाबरगुंडी बहुधा इथेच उडते. मग कुणी त्याला हातात घेऊन गोंजारतं, कुणी कोमट पाण्यात बसवतं, कुणी बळेच तोंड उघडून किडा भरवतं. काळजीपोटीच चाललेलं हे सगळं बेडकाला मात्र आणखी खचवतं.

हा बेडूक मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा. १७८८ साली सिडनीला पोचलेल्या पहिल्या इंग्रजी ताफ्याचा शल्यवैद्य जॉन व्हाइट याने १७९०च्या आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावाने तो ओळखला जातो. गुबगुबीत, संथ, माणसाला न बुजणारा. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे शाळकरी पोरासाठी आणलेला बेडूक पोरगं नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो. दुकानातले सगळेच काही पिंजऱ्यात जन्मलेले नसतात. इंडोनेशियातून रानात पकडलेलेही बाजारात येतात. असा बेडूक कित्येक दिवस डब्यात, गर्दीत, उपाशी प्रवास करून आलेला असतो. विकत घेतानाच तो कुठे जन्मला हे विचारणं म्हणूनच फार महत्त्वाचं.

नुसत्या तपकिरी रंगाने हबकून जायचं कारण नाही. थंडी, अंधारी पार्श्वभूमी, प्रवासाचा ताण, यांतल्या कशानेही या जातीचा रंग बदलतो. धडधाकट प्रौढ बेडूक नव्या जागी आठवडाभर खाल्लं नाही तरी तग धरतो. पिलांना मात्र एवढी मुभा नाही. आणखी एक प्रकार बघून नवखे लोक हमखास घाबरतात: बेडूक जबडा वासतो, अंग आक्रसतो, डोळे आत ओढतो, पुढच्या पायांनी तोंडाकडे काहीतरी सारत राहतो. त्याला फिट आल्यासारखं वाटतं. नीट पाहिलं तर ओठांच्या कडेला पातळ, ओलसर पापुद्रा दिसतो. तो कात टाकत असतो आणि टाकलेली कात गिळत असतो. हे त्याचं रोजच्या जगण्यातलंच काम आहे.

बेडकाचं दुखणं समजून घ्यायचं तर त्याची कातडी समजून घ्यावी लागते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही; पोटाच्या खालच्या भागातल्या आणि मांड्यांमधल्या पातळ कातडीतून ते शोषून घेतो. प्राणवायूचा काही भागही कातडीतूनच जातो, आणि रक्तातल्या सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांचा तोल सांभाळायलाही तीच राबते. साहजिकच, पाण्यात जे असेल ते बेडकात जातं. हाताला लागलेला साबण, क्रीम, डास पळवणारं मलम, सगळंच. त्याला उचलायची वेळ आलीच तर पावडर नसलेले हातमोजे क्लोरीनविरहित पाण्याने ओले करून घालावेत, आणि काम झालं की लगेच खाली ठेवावं.

म्हणून आजाराचा संशय आला की औषधाच्या कपाटाकडे धावण्याआधी पाण्याच्या भांड्याकडे बघावं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या जिवावर उठतो तसाच बेडकाच्याही उठतो. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, हा जुना उपाय खरा आहे. पण अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि तो असा उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं पाणी-शुद्धीकरणाचं द्रावण लागतं. शुद्ध म्हणून डिस्टिल्ड वॉटर ठेवणं हा दुसरा घोटाळा. त्यात क्षारच नसल्यामुळे बेडकाच्या अंगातला क्षारांचा तोल बिघडतो. भांड्यातलं पाणी रोज बदलायला हवं, कारण बेडूक त्याच पाण्यात बसतो आणि त्यातच घाणही करतो.

पाण्यानंतर तापमान. या जातीला दिवसा साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस आणि रात्री थोडा गारवा मानवतो. घरातल्या माणसांना बरं वाटणारी हवा बेडकाच्या काचपेटीत चालेलच असं नाही, तेव्हा पेटीत थर्मामीटर हवाच. गारठलेल्या बेडकाला अन्न पचत नाही. पेटीत आरंभी खाली साधा ओला टिश्यू पेपर अंथरावा. खडी किंवा नारळाचा भुसा दिसायला छान, पण किड्याबरोबर तो पोटात गेला तर आतडं तुंबतं. शिवाय टिश्यूवर विष्ठा लगेच दिसते, आणि ताजी विष्ठा डॉक्टरांना जंत तपासायला उपयोगी पडते. पेटीत उरलेले रातकिडे रात्रभर तसेच ठेवू नयेत. मलूल बेडकाला ते कुरतडतात.

हे सगळं ठीक करूनही बेडूक सुधारत नसेल, तर पुढची भीती खरी असते.

१९९८ साली शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडूक पटापट मरण्यामागे एक बुरशी असल्याचं दाखवलं. पुढच्या वर्षी जॉइस लाँगकोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला नाव दिलं: बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या डार्ट बेडकाच्या कातडीतून त्यांनी ती वेगळी काढली होती. सोयीसाठी तिला कायट्रिड म्हणतात. कातडीच्या वरच्या थरात वाढणारी बुरशी एवढा मोठा बेडूक मारते कशी, याचं उत्तर २००९ मध्ये जेमी व्हॉयल्स यांच्या गटाने दिलं, आणि प्रयोगासाठी त्यांनी हाच हिरवा बेडूक घेतला होता. रोगट कातडीतून क्षारांची ने-आण निम्म्याहून अधिक घटली, रक्तातलं सोडियम सुमारे २० टक्क्यांनी आणि पोटॅशियम सुमारे ५० टक्क्यांनी उतरलं, आणि शेवटी हृदय थांबलं. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात कायट्रिडमुळे ५०१ उभयचर जाती घटल्याचा आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचा अंदाज मांडला गेला. या बुरशीच्या जगभरच्या प्रवासाला बेडकांच्या व्यापाराने हातभार लावला आहे, म्हणूनच पाळणाऱ्याने तिच्याबद्दल गाफील राहू नये.

२०२१ च्या हिवाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलियातल्या लोकांना हेच बेडूक भरदिवसा अंगणात, उंबऱ्याशी बसलेले दिसू लागले. हाडं वर आलेले, तपकिरी पडलेले, हात लावला तरी न हलणारे. ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या जोडी रोवली यांनी लोकांना अशा बेडकांची माहिती कळवण्याचं आवाहन केलं आणि राज्याराज्यांतून नोंदींचा ओघ सुरू झाला. घरच्या पेटीतही लक्षणं अशीच दिसतात: रात्रीचा प्राणी दिवसा उघड्यावर बसतो, सतत पाण्यात पडून राहतो, पाय फाकवून बसतो, कात वारंवार आणि तुकड्यातुकड्यांनी सुटते, उताणा पडला तर त्याला सरळ होता येत नाही. पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू लालबुंद झाली असेल तर रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची शक्यता असते. फुग्यासारखं फुगलेलं अंग, पायांना सुटलेला कंप, मऊ पडून वाकलेला जबडा, मागून बाहेर आलेलं मांस, यांतलं काहीही दिसलं तर थांबणं धोक्याचं. मऊ जबडा आणि कंप बहुतेकदा कॅल्शियमच्या कमतरतेने येतात. किड्यांत ते मुळातच कमी असतं, म्हणून रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवून मग ते खायला द्यायचे.

पहिल्या दिवसापासून वजनाची वही ठेवली तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामा डबा शून्य करायचा, मग त्यात बेडूक. कानाच्या पडद्यावरची घडीही बघावी. ती अजिबात दिसत नसेल तर बेडूक खंगलेला, डोळ्यांवर ओघळत असेल तर लठ्ठ.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टराला बेडूक कळतो असं नाही. सरपटणारे आणि उभयचर प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्यांची असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्स ही संघटना आहे. तिच्या यादीतून जवळचा डॉक्टर बेडूक आणण्याआधीच शोधून ठेवावा. कायट्रिडची खात्री कातडीवर फिरवलेल्या बोळ्याच्या पीसीआर चाचणीने होते, आणि वेळेत कळलं तर इट्राकोनाझोलच्या पातळ द्रावणात रोज काही मिनिटं बसवून बेडूक बरा होऊ शकतो. द्रावण किती पातळ करायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. माणसांची मलमं, मधाचं पाणी, अंदाजपंचे प्रतिजैविकं यांपासून त्या पातळ कातडीला लांबच ठेवावं. दवाखान्यात नेताना झाकणाला भोकं पाडलेला डबा आणि ओला टिश्यू पुरतो.

घरात आधीचे बेडूक असतील तर नव्याला निदान महिनाभर, जमल्यास तीन महिने, वेगळ्या खोलीत ठेवावं. त्याची भांडी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा विषय परका वाटायला नको. २०१३ मध्ये पुण्यातल्या नीलेश दहाणूकर, आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या, फक्त इथेच सापडणाऱ्या बेडकांतही कायट्रिडचा संसर्ग नोंदवला. तो आशियातल्याच वाणाचा होता. बाहेरच्या बेडकाबरोबर दुसरं वाण इथल्या ओढ्यांत उतरणं घाटातल्या बेडकांना परवडणारं नाही. पावसाळ्यात ओढ्यातला बेडूक उचलून घरी आणू नये. कित्येक जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. आणि कुणाकडे परदेशी बेडूक असेलच, तर त्याच्या पेटीतलं पाणी ब्लीच घालून, थोडा वेळ ठेवून, मगच सांडपाण्याच्या नळीत सोडावं. बागेत, शेतात, ओढ्यात ओतू नये. पेटीतली माती आणि झाडंही पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत. बेडूक नकोसा झाला तरी त्याला बाहेर सोडायचं नाही. तो सांभाळायला तयार असलेला जाणकार शोधायचा.