काँक्रीटचे अळूचे पान

गोव्यातील जुन्या घराच्या राजांगणात पाऊल टाकले की दृष्टी प्रथम जाते ती तुळशीवृंदावनाकडे. चिऱ्यांची बांधणी, वर चुन्याचा गिलावा आणि दिव्यासाठी कोनाडा असे त्याचे रूप. ते गवंड्याने हाताने घडविलेले असल्यामुळे एका घरचे वृंदावन दुसऱ्या घरच्यासारखे सहसा नसे. आज साच्यातून काढलेली सिमेंटची वृंदावने व कुंड्या तयार मिळतात. सोय मोठी झाली. परंतु अंगण सजविणे म्हणजे बाजारातून वस्तू आणून मांडणे, अशी समजूत त्याबरोबर रूढ होऊ लागली आहे. वस्तुतः काँक्रीट हा इतका आज्ञाधारक पदार्थ आहे की, थोडे शास्त्र समजून घेतल्यास अळूच्या पानापासून कासवापर्यंत हवा तो आकार घरच्या घरी घडविता येतो. ते शास्त्र विद्यार्थिमित्रांना सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

पुष्कळांना असे वाटते की, ओले सिमेंट वाळले म्हणजे कठीण होते. हे खरे नव्हे. चिखल वाळतो, सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होते, आणि कोवळेपणी उन्हात सुकू दिले तर कायमचे दुबळे राहते. या संयोगात सिमेंटच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश पाणी खर्ची पडते. मिश्रण कालवता यावे म्हणून त्याहून काहीसे अधिक पाणी घालावेच लागते. पण ते बेताने घालावे. फाजील पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. सारांश, कालवताना पाण्याची काटकसर आणि घट्ट झाल्यावर पाण्याची सढळता, हा काँक्रीटचा पहिला नियम होय.

दुसरा नियम जगाला कळला तो बागेतूनच. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए नावाचा एक माळी होता. मातीच्या कुंड्या फुटत व लाकडी पिंपे कुजत, म्हणून तो सिमेंटच्या कुंड्या करू लागला आणि त्यांत त्याने लोखंडी तारांची जाळी घातली. 1867 साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. त्याच्या आधी, 1848 च्या सुमारास, लांबो या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने जाळी व सिमेंट यांची एक लहान होडी केली होती. आज पूल आणि उंच इमारती ज्या लोहयुक्त काँक्रीटने उभ्या राहतात, त्याच्या पूर्वजांत माळ्याची एक कुंडी आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता लोखंड कशासाठी? काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या मानाने दहाव्या हिश्श्याइतकीच असते. लोखंड ताण सोसते. शिवाय उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. म्हणून उन्हाळ्यात त्यांची फारकत होत नाही. सिमेंटच्या क्षारधर्मामुळे आतील लोखंड गंजापासूनही सुरक्षित राहते. मात्र मीठ आत शिरले की हे कवच भेदले जाते. गंजलेले लोखंड फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. यास्तव समुद्रकिनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून कधीही आणू नये. किनाऱ्यालगतच्या गावांत तर खारा वाराही शत्रूच असतो. तेथे जाळीवर सर्व बाजूंनी सिमेंटचा घट्ट थर हवा.

आरंभ अळूच्या पानापासून करावा. पावसाळ्यात अळूची मोठी पाने अंगणात सहज मिळतात. सावलीत प्लॅस्टिकच्या कागदावर ओल्या वाळूचा पसरट ढीग करावा व त्यावर पान असे पालथे घालावे की शिरांची बाजू वर येईल. एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली वाळू आधी कोरडीच एकजीव करावी. मग थोडे थोडे पाणी घालून, मुठीत दाबल्यास लाडू वळेल इतपत मिश्रण भिजवावे. ते पानावर मधोमध सुमारे तीन सेंटिमीटर व कडेस निम्म्या जाडीने थापावे. अर्धा थर झाल्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जस्ती जाळीचा तुकडा त्यावर दाबून उरलेला थर द्यावा. जाळीचे टोक कोठेही उघडे राहू देऊ नये. वर ओले गोणपाट घालावे. दोन दिवसांनी ते अलगद उलटून पान सोलून काढावे. त्याची शीर न् शीर आत उमटलेली दिसेल. त्यानंतर निदान सात दिवस ते ओले ठेवावे. पूर्ण म्हणावी अशी ताकद येण्यास सुमारे 28 दिवस लागतात. पाखरांसाठी त्यात पाणी ठेवण्यापूर्वी ते काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावे व ते पाणी वरचेवर बदलावे, म्हणजे सिमेंटचा क्षार निघून जाईल.

अळूने हात खाजतात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ओले सिमेंट त्याहून वाईट. ते कातडी भाजते, डोळ्यांत गेल्यास मोठी इजा करते. रबरी हातमोजे घालावेत, नाकातोंडावर फडके बांधावे आणि घरचे वडील माणूस जवळ असावे.

कासव, भूछत्र वा झाडाचा बुंधा अशा मोठ्या आकृती भरीव करू नयेत. एका घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे 68 किलो भरते. लोखंडी सळ्यांचा सांगाडा बांधावा, त्यावर जाळीचे दोन-तीन पदर तारेने आवळावेत आणि एकास दोन प्रमाणाचा गिलावा आतबाहेर दाबून भरावा. आकृती पोकळ, हलकी व बळकट होते. उभी आकृती असल्यास तिचा पाया जमिनीत पक्का रोवावा. लहान मुले अशा वस्तूंवर चढणारच. ती कलंडली तर जीवावर बेतेल.

हे सारे श्रीमंतांचे काम, असे कोणी म्हणेल. त्यास चंदीगड येथील रॉक गार्डन हे उत्तर आहे. नेकचंद सैनी हे तेथील बांधकाम खात्यातले रस्ता-निरीक्षक. 1957 च्या सुमारास त्यांनी सरकारी राखीव जागेत, कोणास न कळविता, फुटक्या बांगड्या, कपबश्या व टाकाऊ दगड सिमेंटमध्ये बसवून माणसे व पशुपक्षी घडविण्यास आरंभ केला. पुढे गोष्ट उघडकीस आली, तेव्हा ते सारे पाडून टाकण्याचा प्रसंग होता. लोकांनी ते वाचविले आणि 1976 साली बाग सर्वांस खुली झाली. 1984 साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी महागडे साहित्य नव्हते. फावला वेळ होता आणि अठरा वर्षे टिकलेली चिकाटी होती.

काँक्रीटच्या वस्तूचे बळ डोळ्यांना दिसत नाही. ते आतल्या जाळीत असते आणि रोज सकाळ-संध्याकाळ शिंपडलेल्या तांब्याभर पाण्यात असते. येत्या पावसाळ्यात आमच्या वाचकांपैकी काहींनी तरी एक पान घडवून पाहावे. पहिले कदाचित तडकेल. तडकल्यास पाणी अधिक झाले की ओलावा कमी पडला, याचा शोध घ्यावा आणि दुसरे करावे.