काजूची बी आपली, गराचा पैसा कुणाचा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आपल्या कितीतरी कुटुंबांचा एक पाय मुंबईत आणि एक पाय गावात असतो. गावी घर असते, वीस-पंचवीस गुंठे वरकस जमीन असते आणि तिच्यात काजूची दहा-पंधरा झाडे असतात. मार्च ते मे या दिवसांत घरातील वडीलधारी माणसे आणि बायाबापड्या बी वेचतात. दोन-तीन किलो झाली की ती पिशवीत घालून दुकानावर नेतात आणि साखर, तेल, चहापूड घेऊन परत येतात. वजन दुकानदाराचे आणि भावही त्याचाच. तीच बी फोडून, सोलून, पाकिटात भरून मुंबईच्या दुकानात आली की आपल्याच मुलाला शंभर ग्रॅम काजू घेताना आपला हात खिशात अडखळतो. या दोन टोकांच्या मध्ये काय घडते, याचा हिशेब आपण मांडला पाहिजे.

शेतीचा तुकडा लहान आहे, त्यातून काय निघणार, असे आपली माणसे म्हणतात. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी नेमका याच प्रश्नाला हात घातला होता. जमीन किती एकर आहे एवढ्यावर शेती परवडते की नाही हे ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती आहेत, हे पाहावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. जमिनीवरचा खोत गेला, पण मालाच्या भावावर आपला हक्क अजून बसलेला नाही.

आता बीचा प्रवास पाहू. झाडाखाली आपसूक पडलेली पक्व बी बोंडूपासून वेगळी करून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी लागते. ओली बी पोत्यात भरली की गर काळा पडतो. कारखान्यात ती वाफेवर उकडतात, फोडतात, गर भट्टीत सुकवतात, वरची साल काढतात आणि प्रत लावतात. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात साधारण ३२० अख्खे गर. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. गर फुटला की तो पाकळी किंवा तुकड्यात जातो आणि किंमत उतरते. म्हणजे पैसा खरा फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बाईच्या हातात असतो. टरफलातले तेल तिची बोटे पोळते. तिला हातमोजे, निदान हाताला लावायला तेल मिळालेच पाहिजे.

हिशेब समजण्यापुरते आकडे धरू. शंभर किलो वाळलेल्या बीतून साधारण २५ किलो गर निघतो. बीचा भाव किलोला १२० रुपये धरला तर बी १२,००० रुपयांची झाली. सर्व प्रती मिळून गराला सरासरी ७०० रुपये आले तर १७,५०० रुपये होतात. मजुरी, जळण, पाकिटे यांचे ४,००० वजा केले तर १३,५०० उरतात. म्हणजे शंभर किलोमागे नफा १,५०० रुपये, शिवाय मजुरी गावातच राहिली. नफा मोठा नाही, आणि तुकडा जास्त झाला तर तोही जातो. दिवसाला शंभर किलो फोडणारा लहान कारखाना २०० दिवस चालवायचा तर २०,००० किलो बी हंगामातच घेऊन ठेवावी लागते. म्हणजे २४ लाख रुपये अडकले. कर्ज काढून एकदम यंत्रे आणणारे इथेच बुडतात. त्यात मोठे कारखाने आयव्हरी कोस्टसारख्या आफ्रिकी देशांतूनही बी आणतात, त्याचा दाब आपल्या भावावर पडतो.

म्हणून आमचे सांगणे असे की पहिली पायरी यंत्राची नाही, एकीची आहे. वाडीतल्या दहा-वीस घरांनी बी एकत्र वाळवावी, मोठी-बारीक वेगळी करावी, आपल्या काट्यावर तोलावी आणि पोत्याने विकावी. नवीन झाडे लावायची तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा मोठ्या बीच्या जातींची कलमे लावावीत. बचत गटाने आधी थोडा माल दुसऱ्याच्या कारखान्यातून मजुरीवर फोडून घ्यावा. हात बसला, गिऱ्हाईक जमले की पुढचा विचार. २००२ च्या कायदादुरुस्तीपासून दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनीही काढू शकतात.

दुसरी गोष्ट कागदाची. कित्येक सातबाऱ्यांवर अजून आजोबांचेच नाव आहे. वारस नोंद झालेली नाही आणि झाडांची नोंदही नाही. २०२४ च्या हंगामासाठी राज्य सरकारने काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले. अशा वेळी जमिनीचा उतारा आणि विक्रीची पावती मागतात. चहापुडीच्या बदल्यात बी देणाऱ्या आजीकडे पावती कुठली? मे महिन्यात सगळे भाऊ गावी जमतात, तेव्हा तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा अर्ज द्यावा. बहिणींची नावे गाळू नयेत. त्यांचाही वाटा आहे आणि बी वेचतात त्याही.

तिसरे काम मुंबईकरांचे. प्रत्येक गावाचे मुंबईत मंडळ असते, महिन्याची बैठक होते, वर्गणीची वही असते. त्याच वहीत गावच्या गराची मागणी लिहून घेता येईल. शंभर घरांनी वर्षाला एकेक किलो घेतला तर चारशे किलो बीचे गिऱ्हाईक घरातच झाले. मात्र माल चोख हवा, पैसे रोख हवेत आणि हिशेब बैठकीत वाचून दाखवला पाहिजे. उधारी आणि नात्यागोत्याची भीड यांनी आपले पुष्कळ उपक्रम मोडले आहेत.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. वाडीत काजूची झाडे किती, गेल्या हंगामात बी किती निघाली आणि कुणाला कोणत्या भावाने दिली, एवढे तीनच रकाने वहीत आखावेत. ते भरले की पुढे कुठे पाऊल टाकायचे हे वहीच सांगेल.