स्प्रेडशीटमधील सूत्र आणि संख्या

स्प्रेडशीटच्या सेलमध्ये दिसणारी संख्या सूत्रातून निघालेली आहे की हाताने लिहिलेली, हे तिच्या बाह्य रूपावरून कळत नाही. बेरजेच्या स्तंभातील सूत्र पुसून कोणी ४८२ ही संख्या लिहिली, तर तूर्त काहीच बिघडत नाही. पुढे मूळ आकडे बदलले तरी बेरीज मात्र तीच राहते. हा दोष उघड करण्यास सशर्त रंगयोजना उपयोगी पडते. एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून ‘इजफॉर्म्युला’ हे फलन उपलब्ध आहे. सेलमध्ये सूत्र असल्यास ते ‘सत्य’, नसल्यास ‘असत्य’ असे उत्तर देते. रंगाच्या अटीत या फलनाचा नकार घातला की सूत्रहीन सेल तेवढे रंगतात. रिकामे सेलही त्यांत येत असल्याने ते निराळ्या अटीने वगळावे लागतात.

तथापि रंग सूत्राचे अस्तित्व सांगतो, त्याची यथार्थता नव्हे. राइनहार्ट व रोगॉफ यांच्या २०१० मधील राष्ट्रीय कर्जविषयक निबंधामागील कोष्टकात सरासरीचे सूत्र होतेच. परंतु त्याच्या कक्षेतून पाच देश सुटले होते. हे २०१३ मध्ये हर्न्डन, अॅश व पॉलिन यांनी दाखवून दिले. अशी चूक सूत्र वाचूनच सापडते.