इंग्रजी प्रिपोझिशन आणि मराठी वळण

इंग्रजीत ज्याला प्रिपोझिशन म्हणतात, त्याचे काम मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मिळून करतात. दोन्ही भाषांतील पहिला भेद स्थानाचा आहे. आपण ‘टेबलावर’ म्हणतो; इंग्रज ‘ऑन द टेबल’ म्हणतो. कन्नडमध्येही ‘मेजिन मेले’ असा आपल्यासारखाच क्रम असतो. सतराव्या शतकात शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली. तेव्हापासून या शहराशी मराठीचा संबंध आहे. येथील मराठी माणूस घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत बहुधा इंग्रजी बोलतो. या तिन्ही भाषांत संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी ठेवणारी इंग्रजी एकटीच.

तथापि क्रम लवकर अंगवळणी पडतो. खरी अडचण अर्थाची आहे. मराठीतील एका प्रत्ययाचे काम इंग्रजीत अनेक शब्दांत वाटलेले असते, आणि ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली हे कळल्यावाचून केवळ पाठांतराचा फारसा उपयोग होत नाही.

प्रथम स्थळ पाहू. ‘मॅजेस्टिकला भेटू’, ‘महात्मा गांधी रस्त्यावर भेटू’ आणि ‘कब्बन पार्कात भेटू’ या तीन वाक्यांत इंग्रजी अनुक्रमे ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ योजते. स्थळ केवळ एक बिंदू मानले तर ‘ॲट’, रेषा किंवा पृष्ठभाग मानले तर ‘ऑन’, आणि सीमांनी वेढलेले क्षेत्र मानले तर ‘इन’. काळालाही साधारणपणे हाच नियम लागू पडतो. ‘साडेदहा वाजता’ यासाठी ‘ॲट’. म्हैसूर राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले, येथे दिवस असल्याने ‘ऑन’. विधानसौधाची इमारत १९५६ मध्ये पूर्ण झाली, येथे वर्ष असल्याने ‘इन’.

‘पासून’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. ‘सकाळपासून वाट पाहत आहे’ येथे आरंभाचा क्षण सांगितला आहे, म्हणून ‘सिन्स’; ‘दोन तासांपासून वाट पाहत आहे’ येथे कालावधी सांगितला आहे, म्हणून ‘फॉर’. ‘ने’ या प्रत्ययाचेही तसेच. पेनाने लिहिले तर ‘विथ’, कारण पेन हे हातातील साधन. बसने गेलो तर ‘बाय’, कारण तो प्रवासाचा प्रकार. भुकेने मेला तर ‘ऑफ’, कारण ते मृत्यूचे कारण.

सर्वांत अधिक घोटाळा ‘पर्यंत’ करतो. ‘दुकान दहापर्यंत बंद होईल’ आणि ‘दुकान दहापर्यंत बंद राहील’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात दहा वाजल्यानंतर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कुलूप दिसेल. दुसऱ्यात दहा वाजल्यानंतर त्याला दार उघडे मिळेल. मराठीत हा भेद ‘होईल’ आणि ‘राहील’ या क्रियापदांनी दाखवला. इंग्रजीत मात्र ‘द शॉप विल बी क्लोज्ड’ एवढे शब्द दोन्हीकडे तेच राहू शकतात, आणि सारा भार प्रिपोझिशनवर पडतो : पहिल्यासाठी ‘बाय टेन’, दुसऱ्यासाठी ‘टिल टेन’. एका लहान शब्दाने अर्थ उलटतो. अर्जाची मुदत, रजेचा कालावधी, भाडेकरार अशा लेखनात ही चूक महागात पडू शकते. येथे खूण सोपी आहे. क्रिया त्या वेळेच्या आत एकदा घडून संपायची असेल तर ‘बाय’. त्या वेळेपर्यंत चालू राहायची असेल तर ‘टिल’.

काही ठिकाणी मात्र तर्क चालत नाही. तेथे रूढी हाच नियम. आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लिहिण्याचा मोह होतो. पण त्या क्रियापदाला प्रिपोझिशन लागतच नाही. आपण एखाद्याशी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते; योग्य रूप ‘मॅरीड टू’ आहे. याउलट ‘वर अवलंबून’ आणि ‘डिपेंड ऑन’ यांचे वळण जुळते, म्हणून तेथे चूक क्वचितच होते.

अभ्यासकाने यातून दोन सवयी लावून घ्याव्यात. नवे क्रियापद टिपून घेताना ते एकटे न लिहिता त्याच्या प्रिपोझिशनसह, संपूर्ण वाक्यात लिहावे. आणि भाषांतर करताना ‘पर्यंतला इंग्रजी शब्द कोणता?’ असे न विचारता ‘येथे पर्यंतने कोणता संबंध दाखवला आहे?’ असे विचारावे. हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला इंग्रजी तर नीट येतेच. शिवाय आपल्या मराठीतील एकेका प्रत्ययाने किती कामे अंगावर घेतली आहेत, हेही त्याला प्रथमच उमगते.