कोणापेक्षा गोंधळलास?

इंग्रजीच्या तासाला स्वानुभव सांगायचा होता. मी 27 जुलै 2019 चा उल्हास नदीचा पूर निवडला. आमचे घर बदलापूर गावात, नदीच्या अंगाला. उभा राहिलो आणि म्हणालो, "आय वॉज व्हेरी मोअर कन्फ्यूज्ड." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मोअर? कोणापेक्षा?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हा प्रश्न घरी विचारावा तर कोणाला? शेवटी ग्रंथालयात बसून मीच त्याचा पिच्छा पुरवला. हाती जे लागले ते माझ्यासारख्या मित्रांसाठी मांडतो.

मराठीत तुलनेचा भार नामावर पडतो. 'भावापेक्षा', 'भावाहून' म्हटले की काम झाले. 'गोंधळलेला' हा शब्द जागचा हलत नाही. लघुतर, लघुतम ही संस्कृत रूपे आपण पुस्तकात वाचतो, बोलण्यात आणत नाही. इंग्रजीला मात्र विशेषणातही खूण हवी. टॉलचे टॉलर होते. पण कन्फ्यूज्ड हे मुळात क्रियापदाचे रूप, त्याला असे शेपूट लागत नाही. त्याच्या आधी मोअर ठेवावे लागते. आणि मोअरच्या आधी व्हेरी चालत नाही! आपल्या 'खूप जास्त'चे शब्दशः भाषांतर केले की माझ्यासारखे हसे होते. तेथे मच मोअर म्हणावे, किंवा फार मोअर. (हा इंग्रजी 'फार' ऐकताना मला आपल्या गावचाच कोणी भेटल्यासारखे वाटले.) फरक थोडाच असेल तर अ लिटल मोअर.

खरी गंमत 'ईव्हन'ची आहे. 'माझा भाऊ माझ्यापेक्षा मोअर कन्फ्यूज्ड होता' असे म्हटले तर मी किती गोंधळलो होतो ते झाकलेले राहते. 'ईव्हन मोअर' म्हटले की मीही पुरता गोंधळलो होतो, ही कबुली आपोआप देऊन बसतो. आपण हेच काम 'त्याहूनही' मधल्या 'ही'कडून करून घेतो. एवढ्याशा अक्षराकडे मी आजवर कधी पाहिले नव्हते.

पाणी चढत गेले तसतसा गोंधळ वाढत गेला, हे सांगायला 'मोअर अँड मोअर कन्फ्यूज्ड' आहे. आपल्या 'जसजसे-तसतसे'साठी इंग्रजी 'द मोअर' दोनदा वापरते.

नुसता शब्द बदलूनही पायरी बदलते. कन्फ्यूज्डच्या मुळाशी लॅटिनमधली 'एकत्र ओतणे' ही कल्पना आहे. बिविल्डर्डच्या मुळाशी रानात वाट चुकणे. त्याच पहाटे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. सुमारे हजार प्रवाशांना पुढे बाहेर काढले. अंधारात डब्याच्या खिडकीतून चहूकडे पाणीच पाहणाऱ्या त्या माणसांना मी बिविल्डर्ड म्हणेन. आमचे तसे नव्हते. आम्हाला वाट ठाऊक होती, फक्त ती पाण्याखाली होती.

राहिले 'नॉट अ‍ॅज कन्फ्यूज्ड अ‍ॅज'. हे मी आईसाठी राखून ठेवले होते: आई माझ्याइतकी गोंधळली नव्हती. पण या रचनेत आईही थोडीफार गोंधळली होती असे सुचवले जाते. खरे काय ते कळावे म्हणून मी रात्री तिलाच विचारले, "आई, त्या दिवशी तू किती गोंधळली होतीस?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गोंधळायला सवड कुणाला होती रे? रेशनकार्ड आणि तांदूळ माळ्यावर टाकले, तुम्हा दोघांना वर चढवलं. मग उजाडलंच."

या उत्तराला मोअर लागेना, लेस लागेना, अ‍ॅज तर नाहीच. 'वॉज नॉट कन्फ्यूज्ड अ‍ॅट ऑल' एवढेच वाक्य बसले, आणि त्यात तुलना नाही.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी सरांना गाठले आणि म्हटले, "मच मोअर कन्फ्यूज्ड, सर. दॅन माय मदर."