जुनी पेटी आणि नवा संगणक

मावळांतील बेडसे गांवाच्या डोंगरांत जीं लेणीं आहेत, त्यांतील चैत्यगृहाच्या ओसरींत एक लहानसा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचें हें दान, एवढाच त्याचा आशय. हीं अक्षरें सुमारें दोन हजार वर्षें जागच्या जागीं आहेत. परंतु मधल्या कित्येक शतकांत तीं वाचणारा मनुष्यच उरला नव्हता. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपि उलगडली, तेव्हां असे लेख पुन्हा बोलूं लागले. मजकूर नष्ट होणें निराळें आणि वाचणाऱ्याची लिपि बदलणें निराळें, हा भेद ध्यानांत ठेवला तर आजच्या काळांतील एक नेहमींचा घोटाळा पुष्कळसा सुटतो.

तो घोटाळा असा. समजा, त्याच परिसरांतील एखाद्या शाळेनें पंधरा वर्षांपूर्वीं एक साठवणपेटी घेतली. आंत एक-दोन हार्ड डिस्क, मागें राउटरला जोडणारी तार. शाळेंतील सर्व संगणकांनीं आपापल्या फाइली तींत ठेवावयाच्या. निकालपत्रकें, दाखल्यांच्या प्रती, लेण्यांवर गेलेल्या सहलींचीं छायाचित्रें, सारें तींत. दुसरी प्रत कोठेंच नाहीं. पुढें नवा संगणक आला, आणि त्याला पेटी दिसेना, अगर दिसली तरी उघडेना. मग कोणी म्हणतो पेटी गेली, कोणी म्हणतो संगणक सदोष निघाला. बहुधा दोघेही धडधाकट असतात. त्यांची बोली जुळत नाहीं, इतकेंच.

या बोलीचें नांव एस.एम.बी. तिचा जन्म गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत आय.बी.एम. कंपनींत झाला. दुसरी आवृत्ति विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर. जुन्या स्वस्त पेट्यांपैकीं कित्येकींना मात्र पहिलीच येते, आणि नव्या संगणकांनीं ती टाकली आहे. हा कोणाचा लहरीपणा नाहीं. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्राम पहिल्या आवृत्तींतील एका भगदाडांतून जगभर पसरला. फाइलींना कुलूप घालून तो खंडणी मागे. भगदाड बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती लावली नाहीं, ते सांपडले. पुढील महिन्यांत त्याच भगदाडाचाही उपयोग करणारा नॉटपेट्या आला, आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम त्यानें अडविलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निघालेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या संगणकांत ही पहिली बोली आपोआप बसत नाहींशी झाली.

तेव्हां दोष शोधतांना क्रम सोडूं नये. पेटीचा दिवा लागला आहे ना, तार घट्ट आहे ना, हें पाहून राउटरच्या यादींत तिचा अंकी पत्ता शोधावा आणि पिंग या आज्ञेनें तिला हांक मारावी. उत्तर आलें तर वाट मोकळी आहे. मग ‘नेटवर्क’ या यादीकडे न पाहतां, एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टींत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन तोच पत्ता लिहावा. यादींत नांव नसणें हा पेटी गेल्याचा पुरावा होत नाहीं. जुन्या पेट्यांचीं नांवें गोळा करणारी व्यवस्थाच पहिल्या आवृत्तीवर उभी होती, ती गेली तशीं नांवेंही गेलीं. पुष्कळदां काम येथेंच भागतें.

न भागल्यास संगणक काय सांगतो तें नीट वाचावें. पहिली आवृत्ति लागते असें तो म्हणाला, तर संगणकाला हात लावण्याआधीं पेटीला लावावा. ब्राउझरमध्यें तिचा पत्ता घालून तिच्या व्यवस्थापनाचें पान उघडावें. कित्येक पेट्यांत दुसरी आवृत्ति असते, पण बंद ठेवलेली असते. कांहींना कंपनीचें नवें फर्मवेअर घातल्यावर ती येते.

पाहुण्याला प्रवेश नाहीं, अशा अर्थाचा निरोप आला तर गोष्ट वेगळी. पुष्कळ जुन्या पेट्या परवलीच्या शब्दावांचून कोणासही आंत घेत. २०२४ सालीं आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तींत, प्रो आणि तत्सम प्रतींमध्यें, संगणक प्रत्येक निरोपावर सही मागतो. आणि सहीची किल्ली परवलीच्या शब्दापासून तयार होत असल्यामुळें अनामिक पाहुण्याला सही करतांच येत नाहीं. पेटींत एक नांव व परवलीचा शब्द नोंदवावा आणि तोच संगणकाला द्यावा. संगणकाच्या अटीच ढिल्या करा, असा सल्ला देणारे जागोजाग भेटतात. तो घेऊं नये.

पेटीला पहिलीखेरीज कांहींच येत नसेल, तर ‘विंडोज फीचर्स’मध्यें त्या आवृत्तीचा केवळ क्लायंट हा भाग चालू करावा, सर्व्हर हा भाग करूं नये. आपण बाहेर जाऊन वाचणें आणि इतरांना घरांत घेणें यांत मोठें अंतर आहे. ही वाटही पेटी रिकामी करण्यापुरतीच. सारें सामान दुसऱ्या डिस्कवर उतरवून, चार फाइली उघडून पाहून, ती त्याच दिवशीं बंद करावी. पंधरा दिवस वापर झाला नाहीं तर संगणक आपण होऊनच ती काढून टाकतो. ‘मागल्या महिन्यांत तर चालत होतें’ या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथें असतें.

पेटी खरोखरीच बंद पडली असेल, तर आंतील डिस्क काढून संगणकाला लावण्याचा मोह होतो. या डिस्कांची मांडणी बहुधा लिनक्सची असते व ती विंडोजला वाचतां येत नाहीं. मग तो ‘डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ असें विचारतो. येथें ‘होय’ म्हटलें कीं शाळेच्या पंधरा वर्षांच्या नोंदींवर पाणी पडलें. ‘नाहीं’ म्हणावें, डिस्क दोन असल्यास कोणती कोणत्या खणांतली हें चिठ्ठीवर लिहून तिला चिकटवावें, आणि लिनक्सचा संगणक वापरणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्यावें.